नाण्याच्या गेटाची पूजा

पॅनलचं वायरिंग माझ्यासारखं करणारा माणूस कळमेश्वरच्या एमआयडीसीत दुसरा नाही! हे मी म्हणत नाही, आमच्या कंपनीतले लोक म्हणतात. मी विचारलं की म्हणतात. बंद पडलेल्या मशिनी माझ्या पायांचा आवाज ऐकून सुरू होतात अशी माझी ख्याती आहे. या जगात एकाच माणसानं मला आजवर शाबास म्हटलेलं नाही, आणि माझं नशीब असं की तो माणूस माझा सासरा आहे.

आमचे सासरे नत्थूजी नॅरोगेजवर टीसी होते. लग्नाच्या मांडवात त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं ते फुकट्या प्रवाशांकडे पाहत असत. ती नजर अजून निवळलेली नाही. मी त्यांचा पंखा दुरुस्त केला, तर म्हणाले, "वारा गरम येऊन राहिला." इन्व्हर्टर बसवून दिला, तर म्हणाले, "लाइट जात होती तं दोन घटका शांत तरी वाटत होतं." मला या माणसाकडून मरण्याआधी एक शाबास हवी होती. त्यांच्या मरण्याआधी, माझ्या नव्हे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, बागेतली झुकझुक गाडी ताब्यात घेतली. बॅटरीवर चालते, तळ्याभोवती एक फेरी मारते आणि परत येते. दर रविवारी सासरे काळा कोट घालून गेटवर उभे राहत आणि तिकिटं फाडत. मे महिन्यातही कोट निघत नसे. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, डॉक्टरांनी बसायला सांगितलं, तर हे म्हणाले, "बसून तिकीट फाडाले मी काय पोस्टातला बाबू आहो?"

"अहो, तुम्ही कंपनीत एवढं काय काय बनवता, बाबांसाठी काहीतरी करा ना," माझी बायको मयुरा म्हणाली.

झालं! माझ्या डोक्यात दिवा लागला. नाणं टाकलं की उघडणारं विजेचं गेट बनवायचं. सासरे खुर्चीत बसणार, गेट लोकांना सोडणार, आणि सासरे बसल्याबसल्या शाबास म्हणणार. ते कसं म्हणतील याचा मी आरशासमोर सरावही करून पाहिला.

कंपनीच्या भंगारातून तीन दांड्यांचं फिरतं गेट मिळालं. नाणं ओळखायला मी स्टेशनवरच्या जुन्या वजनाच्या काट्याचं डोकं मिळवलं, तेच ते, लाल-हिरव्या दिव्यांची चकरी फिरणारं. पाचचं नाणं टाकलं की टिंग वाजायचं, दिवे नाचायचे, आत कॉइल खिटी ओढायची आणि दांडी एका माणसापुरती फिरायची. शिवाय नाणी मोजून लक्षात ठेवायची सोय केली. नाणी ओळीनं पडत गेली, तर तेवढी माणसं ओळीनं सुटणार. आमचं गेट काहीच विसरत नव्हतं.

"काहून हो, दिवे पायजेतच का?" मयुरानं विचारलं.

"शोभा येते."

"आणि नाणी? आजकाल लोक कोथिंबीरही फोनवर घेतात. सुटे असतात कोणाजवळ?"

मी हसून तो मुद्दा उडवून लावला. बायकांना तांत्रिक बाबी कळत नाहीत असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

सासऱ्यांनी गेटाची तपासणी केली.

"लाइट गेली तं?"

"तरी खिटी बंदच राहील, बाबा. फुकट कोणीच जाणार नाही."

"नाण्यांच्या पेटीची किल्ली?"

"तुमच्याजवळ."

त्यांनी किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली आणि "हूं" म्हणाले. इतक्या वर्षांत मला मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद होती. मी खुर्ची पुढे सरकवली.

"खुर्चीत स्टेशन मास्तर बसते," सासरे म्हणाले. "मी गार्डाच्या डब्यात उभा राहतो." आणि हिरवी झेंडी घेऊन ते मागच्या डब्याकडे निघून गेले.

उद्घाटनाला सगळा लेआउट जमला. पहिलं नाणं कमिटीचे अध्यक्ष गणपतराव टाकणार होते. मी स्विच दाबणार तेवढ्यात शोभाताई ताट घेऊन पुढे आल्या. शोभाताई म्हणजे आमच्या लेआउटचं धर्मखातं. कोणाची नवी स्कूटर त्यांच्या हळदीकुंकवाशिवाय रस्त्यावर उतरत नाही.

"मशीन आणली आणि पूजा नाही?" त्या म्हणाल्या. "असं कसं चालंन भाऊ?"

दसऱ्याला आम्ही कंपनीत लेथलाही हार घालतो, तेव्हा नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? शोभाताईंनी गेटाला हळदीकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, झेंडूचा हार घातला, उदबत्ती खोचली आणि पायाशी नारळ फोडला. माझं गेट फार सुंदर दिसायला लागलं. मला इथेच सावध व्हायला हवं होतं.

गणपतरावांनी नाण्याला कुंकू लावून ते भोकात टाकलं. टिंग! दिवे नाचले. बायकांनी हात जोडले. गणपतरावांनीही हात जोडले आणि अदबीनं मागे सरकले.

"साहेब, आत जा ना," मी म्हणालो.

"आधी ताई."

शोभाताईंनी पदराच्या गाठीतून नाणं काढलं, टाकलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि जागच्या जागी एक प्रदक्षिणा घालून बाजूला झाल्या. त्यांच्यामागे बायकांची रांग लागली. नाणं कोणाजवळ असतं, याचं उत्तर मला तेव्हा मिळालं. आज्यांजवळ असतं. एकेक आजी येई, नाणं टाके, गेटाच्या दांडीला हात लावून तो डोळ्यांना लावी आणि समाधानानं घरी जाई.

"आजी, हे गाडीत बसायचं गेट आहे हो!"

"हो बाबू. माह्या नातीचं लग्न जमू दे."

"गेट आहे आजी, गेट!"

"तुह्यंही भलं होवो."

तिकडे ठरल्या वेळेला शिट्टी वाजली आणि रिकामी गाडी तळ्याच्या फेरीला निघाली. मागच्या डब्यात सासरे झेंडी धरून ताठ उभे होते. एकही प्रवासी नसताना गाडी वेळेवर सोडल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

आणि आमचं न विसरणारं गेट सगळी नाणी लक्षात ठेवत होतं. पोरांच्या ध्यानात आलं की दांडी ढकलली की फिरते, फिरतच राहते. पोरं दांड्यांना लोंबकळून गरगरायला लागली. गाडीकडे कोणी ढुंकूनही बघेना. शेवटी गणपतराव चिडले. "हटा रे, अध्यक्षाले जाऊ द्या," म्हणत त्यांनी दोन दांड्यांच्या मध्ये आपलं पोट घातलं. त्याच क्षणी गेटाच्या लक्षातली नाणी संपली. खिटी खटकन पडली. गणपतरावांचं अर्धं अंग बागेत आणि अर्धं गाडीच्या फलाटावर राहिलं.

"मार्तंडराव, हे काय होऊन राहिलं?" ते माझ्यावर ओरडले.

"काही नाही साहेब, एक नाणं टाकलं की सुटता."

मी नाणं मागितलं. चार जणांनी फोन पुढे केले. एकानं तर भोकासमोर फोन धरून "स्कॅनर कुठे आहे?" असं विचारलं. नाणी होती, भरपूर होती, पण सगळी पेटीत होती आणि पेटीची किल्ली तळ्याच्या पलीकडे होती. मी मेन स्विच बंद केला. खिटी हलली नाही. वीज गेली तरी फुकट कोणी जाणार नाही, हे मीच अभिमानानं सांगितलं होतं. दिवे मात्र विझले आणि गर्दीतून आवाज आला, "देव कोपला." मी घाईघाईनं स्विच परत चालू केला. दिवे नाचले, तशी लोकांनी पुन्हा हात जोडले.

मी तळ्याकाठी धावलो.

"बाबा, गाडी थांबवा! किल्ली पाहिजे!"

"स्टेशनाशिवाय गाडी थांबत नसते," सासरे डब्यातून म्हणाले आणि माझ्यासमोरून हळूहळू निघून गेले. मी गाडीसोबत चालत राहिलो. ती माझ्यापेक्षा हळू चालत होती, तरी ते थांबले नाहीत.

गाडी फलाटाला लागल्यावरच ते उतरले. गेटापाशी आले आणि अडकलेल्या गणपतरावांना त्यांनी नखशिखान्त न्याहाळलं.

"नाणं टाकलं होतं?"

"मी अध्यक्ष आहो, नत्थूजी!"

"ते ठीक आहे. या फेरीचं टाकलं होतं का?"

गणपतरावांनी मान खाली घातली. पेटी खाली होती, वाकवेना, म्हणून सासरे माझ्या खुर्चीत बसले, किल्ली लावली आणि एक नाणं अध्यक्षांच्या हातात ठेवलं. टिंग! गणपतराव सुटले. गर्दीनं सुटकेचा निःश्वास टाकला. समोर हार घातलेलं, दिवे नाचवणारं गेट आणि शेजारी खुर्चीत काळ्या कोटातले म्हातारे गृहस्थ. एक आजी पुढे आली आणि सासऱ्यांच्या पाया पडली.

सासरे आधी दचकले. मग त्यांनी शेजारच्या फुटलेल्या नारळाचा तुकडा उचलून तिच्या हातावर ठेवला आणि मागच्या गर्दीकडे पाहून म्हणाले, "लाइनीत या. धक्काबुक्की कराची नाही." लोक लाइनीत आले. लोक निमूट लाइनीत येताना पाहण्याचं भाग्य त्यांना नॅरोगेजवर कधी लाभलं नव्हतं. ते खुर्चीतून उठलेच नाहीत.

आता ते गेट हलवायची सोय राहिली नाही. मी एकदा विषय काढला, तर गणपतरावच अंगावर आले. "हात नका लावू त्याले. मी सुटलो आणि दुसऱ्याच दिवशी माह्या पोरीचा पासपोर्ट आला." पाया पडायला कन्हानहूनसुद्धा लोक येतात. गाडीसाठी कमिटीनं कुंपणाला पलीकडून दुसरी वाट पाडली. तिथे तिकीट फाडायला विश्वासाचा माणूस हवा होता. सासरे म्हणाले, घरातलाच पाहा. त्यामुळे दर रविवारी मी तिथे उभा असतो.

मागच्या रविवारी गर्दी ओसरल्यावर सासरे खुर्चीतून उठून माझ्याकडे आले. मी फाडलेली तिकिटं त्यांनी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली.

"जावईबापू."

"जी, बाबा?"

"शाबास. एकदम सरळ फाडता तुम्ही. याच कामाचे होते. उगाच मशिनीत जिंदगी घातली."

घरी येऊन मी मयुराला सगळं सांगितलं. म्हणजे, "सरळ फाडता तुम्ही" इथपर्यंत सांगितलं.