दीड ग्रॅमची घट

मास्तरांनी दोन गोळे चिकटवून केलेल्या मातीच्या जोडगोळ्याच्या बुडातून नखाने थोडी माती उकरली आणि तो वजनकाट्यावर ठेवला. एकशे साडेअठ्ठ्याण्णव ग्रॅम. मास्तर खूश झाले. सहा वर्षांची तात्पुरती नोकरी आज कायम व्हायची, तर तपासणीच्या बाईंसमोर एकच पाठ उतरायला हवा होता: अणूच्या गाभ्यातून ऊर्जा का बाहेर पडते.

पाठ सोपा होता. दोन हलके गाभे एकत्र आले की एकमेकांना घट्ट धरतात आणि जोडीचं वजन सुट्या दोघांच्या बेरजेपेक्षा किंचित कमी भरतं. घटलेलं वजन ऊर्जा होऊन बाहेर पडतं. सुटे गोळे शंभर-शंभर ग्रॅमचे होते. जोडगोळाही दोनशेचाच भरत होता, कारण मातीला यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हणून नख.

मास्तर निश्चिंत मनाने अंघोळीला गेले.

वर्गात सुटे गोळे शंभर-शंभर भरले. मग जोडगोळा काट्यावर चढला. "वाच गं," मास्तर पहिल्या बाकावरच्या मुलीला ऐटीत म्हणाले.

"दोनशे चार, सर."

"नीट बघ."

"दोनशे चारच. आणि सर, गोळा खालून ओला आहे."

मास्तरांच्या डोळ्यांसमोर बायकोचे कामसू हात उभे राहिले.

बाईंनी चष्मा सरसावला. "जोडल्यावर वजन वाढलं? मग ऊर्जा बाहेर पडली की आत गेली?"

मास्तर काट्यावर वाकले. मुलगीच म्हणाली, "आत गेली असणार. कुणीतरी घातली."

"शाब्बास! लोखंडाहून जड गाभे जोडायचे तर ऊर्जा मिळत नाही, पदरची घालावी लागते. बाकीचे हलक्या गाभ्यांवरच थांबतात हो, मास्तर. आणि आकडे घरून जुळवून आणतात. मला काय कळत नाही?"

मास्तर घाम पुसत हसले. बाईंनी शेरा लिहिला: "प्रामाणिक प्रयोग. कायम करावे. सोमवारी सर्व शिक्षकांसमोर पुन्हा करून दाखवावा."

घरी येताच मास्तरांनी विचारलं, "गोळ्याला हात लावलास?"

"लावला. बुडाला खड्डा पडला होता. चारचौघांत शोभा नको म्हणून लिंपला. चुकलं का हो?"

"छे, छे. किती लिंपलंस?"

"किती काय? अंदाजाने!"

"सोमवारपर्यंत ते वाळून हलकं होईल. तेव्हा अंदाज चालायचा नाही," मास्तर म्हणाले, आणि लिंपण उकरून प्रामाणिक प्रयोगासाठी नवी साडेपाच ग्रॅम माती मोजायला बसले.