बांध कुणाचा?

विमान आप्पारावाच्या वावरात पडलं, हे कळल्यापासून सुंदररावांना अन्न गोड लागेना. दोघे चुलतभाऊ, चौसाळ्याच्या शिवारात रानं एकमेकांना लागून. एवढं आभाळ मोकळं असताना त्या हैदराबादच्या चिमुकल्या विमानाला उलटं पडायला आप्पाचंच रान सापडावं? वैमानिकाला खरचटलंसुद्धा नव्हतं, हे चांगलंच झालं. पण तो पाहुणचाराला आप्पाच्याच घरी राहिला, हे मात्र सुंदररावांना सोसवेना.

बीडपासून लोक गाड्या जुंपून येऊ लागले. "आप्पारावांचं रान कुठलं?" असं विचारायचे, तेही नेमके सुंदररावांच्या दारात.

"काहून कुढता एवढं?" छबुबाई नवऱ्याला म्हणाल्या. "पडलं तर पडलं."

"तुला काय कळतंय? काल पटवारी त्याला 'आप्पासाहेब' म्हनला! धोतर धड नेसता येत न्हाई त्याला!"

मग चौकशीसाठी निजाम सरकारचे साहेब मोटारीतून आले. मूळचे परभणीकडचे, मराठी साफ बोलत. आप्पारावानं त्यांना बाजेवर गालिचा अंथरून बसवलं. तो गालिचाही सुंदररावांच्याच घरून मागून नेलेला.

"हुजूर," आप्पाराव हातवारे करत सांगू लागला, "आभाळातून आलं ते थेट माझ्याच वावरात!"

"साफ झूट हाय, हुजूर!" गर्दीतून सुंदरराव ओरडले. "आधी ते माझ्या वावरात टेकलं. चाकांच्या खुना हायत. चला, दावतो!"

खुणा खरोखरच होत्या. ज्वारीच्या धसकटांतून दोन चरे सरळ आप्पाच्या रानाकडे गेले होते. साहेब वाकून बघत निघाले, आणि सुंदरराव छाती काढून पुढे. चरे बांधापाशी संपले. तिथे दगड उचकटलेले, त्यांत मोडक्या चाकाचे तुकडे अडकलेले.

"म्हणजे विमान नीट उतरलं होतं," साहेब म्हणाले. "इथं धडकलं आणि पलीकडं जाऊन उलटलं. हा बांध कुणाचा?"

"त्याचाच हाय, हुजूर," आप्पाराव घाईनं म्हणाला. बांध सुंदररावांचा, असं तो जन्मात पहिल्यांदा बोलला होता.

"माझाच!" सुंदररावांनी ठणकावलं. "औंदा कमरेएवढा उंच केला. ह्याची गुरं लई घुसतात."

"बरं झालं कबूल केलंत. चला, बीडला जबाब द्यायला. मोटारीत बसा."

सुंदरराव मागं सरकू लागले. छबुबाईंनी तोंडाला पदर लावला. साहेबांबरोबर आलेल्या पोलीस अमिनानं दंडाला धरून सुंदररावांना साहेबांशेजारी बसवलं आणि मोटार गावातून निघाली.

पण वेशीपर्यंत सारा गाव दाटला होता. म्हातारीकोतारी ओट्यावर आली. कुणी हात जोडले, कुणी म्हणालं, "सुंदरराव मोटारीत बसले!" सुंदररावांनी हळूच फेटा सारखा केला. आप्पाराव दारात उभा होता. त्याचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं होतं.

मोटार वेस ओलांडते न ओलांडते तोच मागून आरोळी आली. धोतर सावरत आप्पाराव धावत येत होता.

"हुजूर, थांबा! अर्धा बांध माझा हाय! मलाबी घ्या!"

साहेबांनी वळून पाहिलं. "हे काय म्हणतात?"

"त्याचं ऐकू नका, हुजूर," सुंदरराव हात जोडून म्हणाले. "समदा कसूर एकट्या माझा हाय."