ग्रेडरसाहेबांचे पॉपकॉर्न

घरी पॉपकॉर्न करायचे, आणि तेही गोड-खारे, हे ठरलं तेव्हा राजानंदला कुणी काही विचारलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे जे झालं त्यात त्याचा वाटा सगळाच्या सगळा होता, आणि त्याला बोलावणं मात्र कुणाचंच नव्हतं.

त्याची लेक भावना भोकरदनच्या शाळेत सहावीत. शाळेत आनंदनगरी भरणार होती. आनंदनगरी म्हणजे पोरांनी घरून पदार्थ करून आणायचे, बाकं मैदानात मांडून दुकानं लावायची, आणि आईबापांनी येऊन आपल्याच पोरांनी केलेलं (म्हणजे पहाटे उठून आपणच केलेलं) विकत घेऊन कौतुकानं खायचं. दरवर्षी तीच भेळ, तीच इडली, तेच लिंबू सरबत. यंदा भावनानं बाईंना सांगून टाकलं, "मी स्वीट अँड सॉल्टी पॉपकॉर्न आणणार!" संभाजीनगरला मामानं थिएटरात खाऊ घातले होते, तेव्हापासून ते तिच्या डोक्यात बसले होते. वर्गातल्या पोरी हसल्या. "गोड बी आन् खारट बी? असं कुठं असतंय का? फेकू नको!" म्हणाल्या. झालं. तिथून पुढं हा खाण्याचा प्रश्न राहिला नाही, इज्जतीचा झाला.

तिच्या आईनं, प्रीतीनं, मांगीलालशेठच्या दुकानातून पॉपकॉर्नचे पाकीटबंद दाणे आणले. फोनवर कृती पाहिली. तेल, दाणे, झाकण, मग साखर, लोणी, मीठ. विषय संपला होता. पण दाणे निवडायला म्हणून तिनं ते ताटात ओतले, आणि नेमका त्याच वेळी राजानंद कामावरून घरी आला.

राजानंद मका खरेदी केंद्रावर ग्रेडर. ट्रॉली येऊन थांबली की हा मूठभर मका उचलायचा, त्यातला एक दाणा दाढेखाली धरायचा, डोळे मिटायचा आणि कट् करून फोडायचा. मग दाण्याचे तुकडे तळहातावर थुंकून त्यांच्याकडे असा बघायचा, की ट्रॉलीवाल्यानं आधीच ताडपत्री बांधायला घ्यावी. केंद्रावर ओल मोजायचं यंत्र होतं, पण ते आपलं नावाला. निकाल दाढेवरच लागायचा, यंत्रानं फक्त मान डोलवायची. आणि निकाल बहुतेक वेळा एकच असायचा, "ओल जास्त. वाळवून आणा." हे शब्द त्यानं इतक्यांदा उच्चारले होते, की एकदा झोपेत त्यानं ते प्रीतीला ऐकवले होते. (ती उठून बसली आणि दोरीवरचे कपडे चाचपून आली. धुणं ओलं राहिलंय म्हणून हा बोलतोय, असं तिला वाटलं.)

तर ताटातला एक दाणा त्यानं सवयीनं उचलला, दाढेखाली धरला, डोळे मिटले.

"ओल हाय," तो म्हणाला.

"असू द्या की," प्रीती म्हणाली. "आपल्याला फोडायचेत, इकायचे न्हाईत."

"इकायचेच तर हायेत ह्या आठवड्यात, शाळेत! ग्रेडरच्या घरून ओला माल गेला तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

दुसऱ्या दिवशी त्यानं यंत्रच घरी आणलं. दाणे आत टाकले. आकडा आला चौदा. राजानंदच्या कपाळाला आठ्या पडल्या. चौदा म्हणजे अगदी काठावर! केंद्रावर चौदाच्या वर एक कण गेला की माल परत.

"बघ, बराबर बोल्लो का न्हाई? ह्याला ऊन द्यावं लागतंय."

त्याची आई, मालनबाई, ओट्यावर बसून पाय चोळत होती. ती म्हणाली, "आरं राजा, लाह्याची ज्वारी तर आपुन रात्री पानी मारून फडक्यात बांधून ठिवतो. तू हे उलटं काय करून राह्यला?"

"आई, त्या लाह्या. हे पॉपकॉर्न हाय. ह्याचं शास्त्र येगळं."

भावना म्हणाली, "पप्पा, राहू द्या ना. तसंच करू."

"बेटा, तुझा बाप धान्याचा माणूस हाय. तू बिलकुल काळजी करू नको."

मालनबाईच्या जुन्या लुगड्यावर दाणे पसरून लुगडं पत्र्यावर चढलं. आता एवढ्याशा दाण्यांसाठी केवढा तो थाट! दुपारी जेवायला आला की राजानंद शिडी लावून वर जायचा, अनवाणी दाण्यात पाय फिरवायचा, चिमण्यांना शिव्या घालायचा आणि तापलेल्या पत्र्यावर नाचत नाचत खाली यायचा. संध्याकाळी यंत्र लावायचा आणि क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा आकडा घरभर सांगायचा. बारा. साडेदहा. आनंदनगरीच्या आदल्या दिवशी आठ! त्यानं एक दाणा स्टीलच्या ताटात टाकला. टण्ण आवाज आला.

"ऐका, ऐका हा आवाज! ह्याला म्हनतात माल."

त्याच आठवड्यात शेजारच्या वाडीचा वसंता ट्रॉली घेऊन केंद्रावर आला होता. पहाटेपासून रांगेत. राजानंदनं दाणा फोडला आणि मान हलवली.

"सायेब, जराशीच ओल हाय," वसंता म्हणाला. "ट्रॅक्टर भाड्याचा हाय हो. घ्या ना."

"वाळवून आणा," राजानंद म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर ही कथा निम्म्यानं कमी झाली असती. पण घरचा रोज उतरणारा आकडा डोक्यात चढला होता. "शिकावं जरा मानसानं! माझ्या घरी येऊन बघा एकदा, वाळवनं कशाला म्हनतात ते!"

रांगेतले चारजण हसले. वसंतानं ट्रॉली वळवली आणि तो निघून गेला.

आनंदनगरीच्या दिवशी सकाळी सगळं घर स्वयंपाकघरात जमलं. प्रीतीनं कढईत तेल तापवलं, दाणे टाकले, काचेचं झाकण ठेवलं. भावना झाकणाला नाक लावून उभी राहिली. एक मिनिट गेलं. दोन गेली. पट्! एक दाणा फुटला. भावनानं टाळी वाजवली. मग पुन्हा पट्. मग बऱ्याच वेळानं, मन नसल्यासारखं, पट्. आणि मग काहीच नाही. बाकीचे दाणे तेलात लालसर होत गुमान बसून राहिले.

"गॅस बारीक हाय," राजानंदनं निदान केलं.

गॅस मोठा केला. दाणे काळे पडले.

"कढई पातळ हाय. कुकर घ्या."

कुकर घेतला. कुकरातून धूर निघाला. शेजारच्या दुर्गाबाई पदरानं नाक दाबत दारात आल्या, "काय जळून राह्यलंय हो?" म्हणून विचारून गेल्या. प्रीतीनं दुसरा घाणा टाकला, तिसरा टाकला. फुललेले दाणे एकूण तीन. पहिल्या घाण्यातले, तेच तीन.

"आता काय करायचं?" भावनाचा आवाज रडवेला झाला होता.

इथं खरं तर राजानंदनं मान खाली घालायची होती. "चुकलं, पोरी" म्हणायचं होतं. मांगीलालशेठचं दुकान चार पावलांवर होतं. पण ज्याची दाढ कधी चुकली नाही त्याचं तोंड इतक्या सहज कसं चुकेल? तो म्हणाला, "साखर वितळवा. साखरेचा ताव लागला की आपोआप फुलतील."

प्रीतीनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि साखर वितळवली. (लग्नाला बारा वर्षं झाली की बायका काही गोष्टी बोलून नाही, करून दाखवतात.) त्यात लोणी, मीठ आणि ते न फुटलेले दाणे गेले. पाक थंड झाला तेव्हा पातेल्यात तांबूस, चकचकीत, एकमेकांना घट्ट धरून बसलेले खडे तयार झाले होते.

"ह्याला क्रंची म्हनायचं," राजानंद म्हणाला. "लोकान्ला नवीन काय कळतंय? जल्दी चला." आणि ते फुललेले तीन दाणे त्यानं स्वतःच्या हातानं, सगळ्यांना दिसतील असे, पातेल्यात वर मधोमध ठेवले.

मैदानात गर्दी होती. भावनाच्या बाकावर रंगीत पेननं लिहिलेली पाटी होती, स्वीट अँड सॉल्टी पॉपकॉर्न. भावना पाटीच्या मागं जितकं लपता येईल तितकं लपली होती. पहिलं गिऱ्हाईक म्हणून विज्ञानाच्या तृप्तीबाई आल्या. त्यांनी एक खडा तोंडात टाकला, गाल धरला, आणि सभ्यपणे तो रुमालात काढून घेतला.

"भावना, हे काय गं?"

"क्रंची हाय, मॅडम," राजानंद मधेच बोलला. "घरचाच वाळवलेला माल."

"वाळवलेला? पॉपकॉर्न वाळवले?"

"वाळवले म्हंजे! चौदावरून आठवर आणले." एवढं होऊनही आवाजात थोडा तोरा शिल्लक होताच.

तृप्तीबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, त्या दाण्याच्या पोटात जी ओल असते, तिचीच तापल्यावर वाफ होते, आणि तीच दाणा फोडते. तुम्ही ती ओलच काढून घेतलीत!"

राजानंदला ऐकू आलं, पण डोक्यात शिरायला वेळ लागला. चौदा. काठावरचं चौदा. पाकीट भरणाऱ्यानं मुद्दाम राखलेलं चौदा! आणि आपण चार दिवस पत्र्यावर नाचून ते घालवलं. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. गर्दी जमायला लागली होती. आणि त्या गर्दीतून, लेकीचं बोट धरून, वसंता पुढं आला. (त्याची लेक भावनाच्याच वर्गातली. "फेकू नको" म्हणणाऱ्यांतली ती एक.)

"जय भीम, सायेब," वसंता म्हणाला. "तुमी घरी बोलावल्तं बघायला. म्हनलं, हितंच बघू."

त्यानं पातेल्यातला एक दाणा सुटा केला. दाढेखाली धरला. डोळे मिटले. केंद्रावर मका घातलेली माणसं गर्दीत बरीच होती. ती आत्ताच हसायला लागली, कारण ती मान तिरकी करण्याची ढब, तो उचललेला हात, सगळं हुबेहूब राजानंदचं होतं. वसंतानं चावायचा प्रयत्न केला. जमेना. त्यानं दाणा अख्खाच तळहातावर घेतला, त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि निकाल दिला.

"ओल कमी हाय. भिजवून आणा."

मैदान हसलं. मास्तर हसले, इडलीवाली पोरं हसली, शिपाई हसला. प्रीतीनं हसू लपवायला तोंड फिरवलं, पण तिचे खांदे राजानंदला दिसलेच. आपणही हसावं असं त्याला वाटलं, पण चेहरा ऐकेना. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. वसंताची ती वळलेली ट्रॉली त्याला आठवली, आणि रांगेतल्या चौघांचं हसू आठवलं.

मग त्याची नजर भावनाकडे गेली. भावना हसत नव्हती. रडतही नव्हती. तिनं पातेल्यातले ते वरचे तीन दाणे उचलले, चमच्यानं थोडा पाक खरवडून त्यांना लावला, चिमूटभर मीठ टाकलं, कागदाच्या पुडीत घातले आणि वसंताच्या लेकीपुढं धरले.

"हे खरे हायेत," ती म्हणाली. "एवढेच झाले."

पोरीनं एक खाल्ला. बोटं चाटली. "आगं, खरंच की! गोड बी हाय आन् खारट बी."

भावनाच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. राजानंदला मात्र ते पाहून आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीला हवं होतं ते एवढंसंच होतं, आणि ते तिला तीन दाण्यांवर भागवावं लागलं, आपल्यामुळं.

तो वसंताजवळ गेला. "वसंतराव, त्या दिवशी मी जरा जास्तच बोल्लो."

"जाऊ द्या, सायेब," वसंता म्हणाला. "मका खरंच ओला व्हता."

घरी जाताना रस्त्यात राजानंद भावनाला म्हणाला, "चुकलं माझं, पोरी." भावनानं मान डोलवली, पण पातेलं त्याच्या हातात दिलं नाही. मांगीलालशेठच्या दुकानापाशी तो थांबला, नवं पाकीट घेतलं, आणि घरी येऊन ते न उघडता, दोन बोटांत धरून, प्रीतीकडे दिलं.

"आता तुमी भाईर बसा," मालनबाईनं हुकूम सोडला. लेकाला ती कधी 'तुमी' म्हणत नसे. त्यावरून त्यानं काय ते ओळखलं आणि तो ओट्यावर जाऊन बसला. आतून आवाज यायला लागला. पट्. पट् पट्. मग पट्पट्पट्पट्! झाकणावर नुसता मारा. भावना खिदळत होती. साखरेचा आणि लोण्याचा वास बाहेर आला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ह्या घरात आपल्यावाचून किती छान चालतं, हे कळण्याचा तो दिवस होता.

थोड्या वेळानं भावना वाटी घेऊन बाहेर आली. पांढरेशुभ्र, फुगलेले, तांबूस पाकाचे पॉपकॉर्न. मागं दारात प्रीती आणि मालनबाई उभ्या राहिल्या.

"घ्या पप्पा," भावना म्हणाली. तिचा राग गेला होता. "कसे झाले सांगा."

राजानंद सावरून बसला. त्यानं एक पॉपकॉर्न उचलला, तोंडात टाकला, सवयीनं दाढेखाली धरला, डोळे मिटले. मऊ होता, गोड होता, खारट होता. त्याला लेकीला खूप काही सांगायचं होतं. पण दाढ आणि जीभ यांची इतक्या वर्षांची सोबत. मनातलं ओठांवर यायच्या आत जीभच बोलून गेली, "ओल जास्त. वाळवून आण."

त्यानं डोळे उघडले तेव्हा वाटी आत गेली होती. दार लागलं होतं. आतून कडीही घातल्याचा आवाज आला.