पाठुंगळीचा सूक्ष्मदर्शक

"हातात धरू नकोस, पाठीला बांध!" मुख्याध्यापक मुगिसा सर दबक्या आवाजात खेकसले. "लहान मूल बांधतात तसा. आणि खालच्या मिशनच्या शाळेत पोचेपर्यंत कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही."

वरच्या वर्गातल्या कोबुसिंगेने वाकून सूक्ष्मदर्शक पाठीवर घेतला आणि फुलाफुलांचं कापड त्याच्याभोवती गुंडाळून छातीशी गाठ मारली. तिकडे शिक्षकांच्या खोलीत शिक्षणाधिकारी कातुरामू साहेब वाफवलेली केळी आणि कोंबडी यांचा समाचार घेत होते. आमच्या डोंगराकडच्या सगळ्या शाळांत मिळून सूक्ष्मदर्शक एकच. साहेब एका शाळेत येतात, कपाटात तो उभा आहे एवढं दारातून बघतात आणि जेवायला बसतात. तेवढ्यात तो बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर बसून पुढच्या शाळेच्या कपाटात जाऊन उभा राहतो. कागदोपत्री प्रत्येक शाळेची प्रयोगशाळा सुसज्ज! याला हे लोक तपासणी म्हणतात आणि म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही.

कोबुसिंगेच्या अंगाचा मात्र तिळपापड होत होता. सोमवारी तिची जीवशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. त्यात पास झाली तरच नर्सिंगच्या शाळेत प्रवेश, नाहीतर मामाच्या चहाच्या मळ्यात पानं खुडायची. 'कांद्याच्या सालीतल्या पेशी बघा आणि त्यांची आकृती काढा' हा प्रश्न दरवर्षी ठरलेला. आणि पेशी तिने आजवर पाहिल्या होत्या त्या फळ्यावर. सर पट्टी लावून विटांची भिंत काढायचे आणि प्रत्येक विटेच्या बरोबर मधोमध एक ठिपका द्यायचे. "सर, एकदा यंत्रातून बघू द्या ना," असं म्हटलं की उत्तर तयार: "आणि बिघडला तर? परीक्षेत बघ!"

आता तेच यंत्र तिच्या पाठीवर होतं आणि तिला त्याच्याकडे बघता येत नव्हतं.

उतारावर तिच्या बोडाची साखळी तुटली. बोडावाला खाली बसून साखळीला शिव्या देऊ लागला. "तू चालत हो पुढे, ताई," तो म्हणाला, "उगाच बाळाला ऊन लागेल."

ती चालू लागली. थोडी पुढे गेली असेल नसेल, मागून हॉर्न वाजला. कातुरामू साहेबांची पिकअप! स्वतः साहेबच चालवत होते. मागे शाळेने भेट दिलेला केळ्यांचा घड, कांद्यांचं पोतं आणि पाय बांधलेला कोंबडा.

"शाळेचा गणवेश आणि पाठीवर बाळ?" साहेबांनी मान बाहेर काढली. "एवढ्या उन्हात? चढ आधी आत!"

नाही म्हणायची सोय नव्हती. कोबुसिंगे पाठ टेकू न देता सीटच्या टोकाला बसली.

"तुझं लाडनाव काय गं?" साहेबांनी विचारलं. आम्हा तोरो मुलुखातल्या लोकांत लाडनाव विचारल्याशिवाय रामराम पुरा होत नाही. ठरलेल्या नावांपैकी एक प्रत्येकाला बारशालाच मिळतं.

"अकीकी. तुमचं, साहेब?"

"अमूटी. आणि बाळाचं?"

लाडनाव नसलेलं बाळ आमच्याकडे असूच शकत नाही. "आराली," ती बोलून गेली.

"वा, मुलगा! काय आराली, बरा आहेस ना?" साहेबांनी प्रेमाने विचारलं. आराली गप्प. "काही बोलत नाही तो?"

"झोपलाय. स्वभावानेच शांत आहे."

साहेब एकदम भडकले. "आलं माझ्या लक्षात! पदरात मूल आहे म्हणून तुला आजच्या दिवशी शाळेतून हाकललं. मला दिसू नये म्हणून! आणि वर मला कोंबडी खायला घातली! आईला शाळा नाकारतो म्हणजे काय? थांब, मुगिसाची खुर्चीच काढून घेतो!"

"नको साहेब, तसं काही नाही हो..."

"तू घाबरू नकोस!" म्हणत साहेबांनी गाडी गर्रकन वळवली. कोबुसिंगे मागे कलंडली आणि आरालीचं डोकं दाराच्या लोखंडावर आपटलं. ठण्ण!

साहेबांनी करकचून ब्रेक दाबला. त्यांनी कापडाखाली चाचपलं आणि ओरडले, "अगं, हा तर गार पडलाय!"

आता लपवण्यात काही राम नव्हता. कोबुसिंगेने गाठ सोडली. साहेब बघतच राहिले.

"हा तर सकाळी मुगिसाच्या कपाटात होता."

"आता मिशनच्या कपाटात निघालाय. तुमच्या आधी पोचायला हवा होता."

साहेबांनी कपाळावर हात मारला. पण कोबुसिंगेचा बांध आता फुटला होता.

"अहवालात विद्यार्थ्यांचं मत लिहायचं असतं ना, साहेब? मग लिहा! कपाटं तपासता, आम्हाला काय येतं ते कधी विचारलंत? ज्याला हात लावला तर छड्या बसतात, त्याच्यावरच परीक्षा घेता! नापास झाले तर मुलगी मठ्ठ, आणि शाळा मात्र सुसज्ज! आज मला एकदा तरी यातून बघू द्या. त्याशिवाय मी गाडीतून उतरणार नाही."

साहेब ओशाळले. खाली उतरून त्यांनी मागच्या पोत्यातला एक कांदा काढून दिला.

गाडीच्या बॉनेटवर यंत्र उभं राहिलं. कोबुसिंगेने नखाने कांद्याचा पातळ पापुद्रा सोलला, यंत्राला लावलेल्या काचपट्टीवर ठेवला, आरसा उन्हाकडे फिरवला आणि डोळा लावला. आधी नुसतं धुकं. मग स्क्रू हळूहळू फिरवता फिरवता एकाएकी सगळं लख्ख झालं. विटा नव्हत्याच! लांबट, वाकड्या, एकमेकींना खेटून बसलेल्या खोल्या होत्या. एक फुगीर, एक निमुळती, ठिपका कुठे कोपऱ्यात तर कुठे भिंतीला चिकटलेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"साहेब, बघा ना! एकीसारखी दुसरी नाही!"

साहेबांनी डोळा लावला. बराच वेळ ते बघत राहिले. मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बिघडलाय हा."

"काय?"

"यंत्र बिघडलंय. पेशी अशी नसते. ती सरळ असते, चौकोनी. ठिपका मधोमध असतो."

"तुम्ही कधी बघितली होती?"

"अगं, जन्मभर जीवशास्त्र शिकवलंय मी! तुझा मुगिसा माझ्याच हाताखाली शिकला."

"पण बघितली कधी होती, साहेब?"

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "आणि तू परीक्षेत भलतंसलतं काढू नकोस," ते म्हणाले. "फळ्यावरचं काढ. तपासणारेही फळ्यावरच शिकलेत."

त्यांनी यंत्र उचलून आपल्या सीटखाली ठेवलं आणि अहवालात 'सदोष, दुरुस्तीस रवाना' असा शेरा मारला. उभ्या नोकरीत त्यांनी एवढी कसून तपासणी पहिल्यांदाच केली असेल.

सोमवारी परीक्षेला यंत्र नव्हतं. प्रत्येक बाकावर एकेक कांदा ठेवला होता आणि फळ्यावर प्रश्न होता तोच, 'बघा आणि काढा.' सगळ्या डोंगरभर मुलांनी पट्ट्या काढल्या आणि विटा रचल्या. कोबुसिंगेने मात्र पट्टी न लावता आठवतील तशा वाकड्या खोल्या काढल्या. विटा रचणारी सगळी पास झाली. सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहिलेली कोबुसिंगे तेवढी एकटी नापास झाली.