देव दिसला की सुटणारा गिअर

पलटणीतून सुटून आलेल्या हंबीररावानं त्या साली एकच चूक केली. पंचमीला बायको साळूबाईला माहेरी, शिराळ्याला, बैलगाडीऐवजी स्वतःच्या मोटारीतून न्यायचं ठरवलं. (चूक एकच म्हणायची आपली. तिला पुढं पिल्लं किती झाली ते ऐका.)

मोटार जुनी, विलायती, एका गोऱ्या साहेबाची. साहेब वारला तोसुद्धा तिच्यातच, डावा हात गिअरच्या दांड्यावर ठेवून. हे विकणाऱ्यानं सौदा झाल्यावर सांगितलं. शहाणा माणूस!

आणि मोटारीला खोड एकच. चालता चालता गिअर आपोआप सुटायचा. पण कुठंही नव्हे हं! पहिल्यांदा सुटला मारुतीच्या देवळापुढं. मग म्हसोबापुढं. मग वेशीवरच्या मरीआईपुढं. खट् आवाज व्हायचा, दांडा कुणी ओढल्यासारखा मधोमध येऊन उभा राहायचा आणि इंजिन नुसतंच रडत बसायचं. देव नसलेल्या सडकेवर मात्र मैलोन्‌मैल काही नाही.

कऱ्हाडच्या कोंडीबा मिस्त्रीनं झाकण उघडलं, तेल हुंगलं, आत बोट घालून बघितलं. मग स्वतः चालवायला बसून मारुतीपुढनं दोनदा फिरवून आणली. कोंडीबा अनवाणी, तोंडात तंबाखू. देव उजवीकडं का डावीकडं, ह्याचा त्याला पत्ता नाही.

"दात झिजल्यात जरा. पर सुटत न्हाई गिअर," तो म्हणाला.

"मग माज्याच हातात का सुटतुया रं?"

"ते तुमाला न्‌ त्या मेल्या सायबाला ठावं."

कोंडीबा आपला बोलून गेला. हंबीरराव त्या रात्री कंदील विझवायला तयार होईना.

पण जायला तर हवं होतं. हा गडी परमुलखात लढत असताना साळूबाईला माहेरी न्यायला कुणी नव्हतं. त्याच्या सासूच्या, रंगूबाईच्या, डोळ्यांवर पडदा येत चाललेला. तिचा निरोप होता, "औंदा पोरीचं तोंड दावा. नागोबाला दूध मायलेकींनी मिळून घालू. फुडच्या पंचमीला मला लेकबी दिसायची न्हाई न्‌ नागबी."

पंचमीच्या सकाळी दोघं निघाली. पेठ सोडून गाडी शिराळ्याकडं वळली आणि धुकं असं उतरलं की, मोटारीचं नाक मोटारीला दिसेना. पाखराचा आवाज नाही, बैलाची घुंगरं नाहीत. झाडं एकेक करून पुढं यायची, बघायची आणि मागं सरायची. साळूबाई पदर घट्ट धरून म्हणाली, "आवं, हितं इतकं गार कशानं लागतंया?"

एवढ्यात धुक्यातून शेंदराचा एक डोळा उघडला. बिरोबा! हंबीररावानं कपाळाला हात लावला. खट्!

दांडा मधोमध. आणि नुसता उभा नाही, थरथरत होता. म्हातारा माणूस "नगं, नगं" म्हणून मान हलवतो ना, तसा.

"सायेब हाय," हंबीरराव पुटपुटला. "त्याला आपलं देव बघवंना."

"मग भितोय त्यो देवाला! दिसंल त्या दगडाला नमस्कार घाला. पळंल मुडदा."

झालं! हंबीररावानं बाभळीला केला, मैलाच्या दगडाला केला, धुक्यात उभ्या एका म्हशीला केला. आणि दर नमस्काराला खट्! खट्! शेवटी उतार लागला. खाली नदी. कडेला पांढरं काहीतरी उभं. हंबीररावानं डोळे मिटून जोरात नमस्कार घातला. खट्! गाडी मोकळी सुटली. इंजिनाचा आवाज बसला आणि चाकं तेवढी वाजत राहिली, कुणी मागनं ढकलत असल्यागत.

"ब्रेक! आवं ब्रेक!"

गाडी थांबली ती स्मशानाच्या पत्र्याखाली. पांढरं होतं ते कुणाचं तरी वाळत टाकलेलं धोतर. समोर विझलेली राख. हंबीरराव घामानं भिजलेला, साळूबाई त्याच्याकडं बघतेय. म्हणजे त्याच्या तोंडाकडं नव्हे, खाली.

"तुमी ह्यो पाय कशाला काढला?"

"कुठला?"

"उजवा. वहाणंतनं."

"मग? वहाण घालून देवाला नमस्कार करत्यात व्हय? रीत हाय का न्हाई काय?"

"आन्‌ त्योच पाय त्या दाबायच्या पट्टीवर हुता न्हवं?"

हंबीररावानं आधी पाय बघितला, मग पट्टी बघितली. आता तुम्हाला सांगतो, गिअरचे झिजलेले दात इंजिनाचा जोर असला तर एकमेकांना धरून राहतात. वेगाच्या पट्टीवरनं पाय उचलला, जोर गेला, की सुटले. इतके दिवस हा भक्त देव दिसला की वहाणेतून पाय काढत होता आणि पाप बिचाऱ्या साहेबाच्या माथी!

साळूबाईनं दोन्ही वहाणा काढून घेतल्या. खाली ठेवल्या तर हा सवयीनं पाय घालेल, म्हणून चिखलासकट फडक्यात गुंडाळून मांडीवर धरल्या. पुढं वाटेत सात देव लागले का सतरा, अनवाणी पाय पट्टीवरनं हलला नाही आणि गिअरही.

पण घोळात उशीर झालाच. शिराळ्यात पोचले तेव्हा नागोबा घेऊन फिरणारी मंडळी गल्लीतून पुढं निघून गेली होती. रंगूबाई उंबऱ्यात दूध-लाह्यांचं ताट घेऊन तशीच बसलेली. तोंड एवढंसं झालेलं.

"आये, आले गं!"

साळूबाई फडक्यासकट तिच्यापुढं येऊन बसली. म्हातारीनं डोळे बारीक केले. लेकीचं तोंड चाचपलं. मग हात लेकीच्या मांडीवरच्या फडक्यावर गेला. आत काहीतरी ओलं, गार, वेटोळं.

"आगं बया! नागोबाबी आणलास व्हय?"

हंबीररावानं तोंड उघडलं. साळूबाईनं असं बघितलं की, ते त्यानं मिटलं. म्हातारी इतकी वर्षं वाट बघत होती. तिनं हळद-कुंकू वाहिलं, लाह्या उधळल्या, लेकीचा हात हाती धरून वाटीभर दूध ओतलं. मग डोळे मिटून म्हणाली,

"नागोबा, बाकी काय नगं. माज्या जावयाला तेवढी अक्कल दे."

"मागू नगंस, आये," साळूबाईनं फडकं जरा उचलून धरलं. "हाय तेवढी ह्यातच बांधून आणलीया."