थोरले सरदारजी आणि तीनशे जोडे

माणूस ओळखावा तर हौसेरावानं! हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. म्हणजे त्या दिवसापर्यंत म्हणायचे.

मी हौसेराव. मूळचा साताऱ्याकडचा, राहायला कोपरखैरण्यात आणि अकरा वर्षं कळंबोलीत सरदार सुजानसिंगांच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत गोडाऊन क्लार्क. सुजानसिंग नांदेडचे. चार पिढ्या तिथंच गेल्या, त्यामुळे मराठी माझ्यापेक्षा फर्डं! शहाण्णव साली त्यांचे थोरले भाऊ निहालसिंग सव्वीस वर्षांनी कॅनडाहून यायला निघाले. धंद्यात निम्मी भागी त्यांची. ते म्हणे ऑफिसात कॉम्प्युटर बसवणार आणि माणसं कमी करणार!

"सरदारजी, माझं काय होणार?" मी विचारलं.

"ते थोरले ठरवतील. मला नका इचारू!"

झालं! माझी भूकच मेली. पोरं शाळेत, वय बेचाळीस आणि कॉम्प्युटर तर मी फक्त पेपरातल्या फोटोत पाहिलेला.

गुरुनानक जयंतीला थोरले विमानतळावरून परस्पर गुरुद्वाऱ्यात येणार होते. सरदारजी म्हणाले, "हौसेराव, मी लंगरच्या सैपाकामागं हाय. तुमी दारात थांबा आन् हार घाला. वळखाल ना? फोटो एकच हाय, सत्तर सालचा."

"फोटो कशाला? कॅनडाचा माणूस काय लपून राहतो!"

मी नवे बूट घातले, डोक्याला रुमाल बांधला, हार घेतला आणि सकाळी नऊला हजर! बूट ठेवायला जोडाघरात गेलो. तिथं एक म्हातारबाबा बसले होते. पांढरी दाढी, साधी निळी पगडी, ठिगळाचा पायजमा. लोकांचे जोडे फडक्यानं पुसून खणात ठेवत होते आणि नंबराचा पितळी बिल्ला हातात देत होते.

"बाबा, माझे जरा चकचकीत पुसा हं," मी म्हणालो. "आज कॅनडाहून बडी असामी येतेय. आमच्या मालकांचे भाऊ."

"असं का? कसे हायत ते?" बाबांनी विचारलं.

बोलणं अस्सल नांदेडचं! मला बरं वाटलं. आपलाच माणूस. मग काय, मी सुटलोच.

"कसे असणार? सव्वीस वर्षं तिकडं! दाढी गेली असेल, पगडी गेली असेल, मराठी तर कधीच विसरले असतील. काट्याचमच्यानं लंगर जेवतील बघा! येणार, कॉम्प्युटर बसवणार आणि माझ्यासारख्या गरिबाला घरी बसवणार!"

"आरारा! लई वाईट," बाबा म्हणाले आणि माझ्या बुटाची टाच पुसू लागले.

मला त्यांची फारच दया आली. "बाबा, घरी माझे जुने बूट आहेत. फारसे फाटलेले नाहीत. उद्या आणून देतो. कितीचा नंबर लागतो तुम्हाला?"

"नऊ," बाबा शांतपणे म्हणाले.

दारात येऊन उभा राहिलो तोच समोरून सूट, टाय, काळा गॉगल, इस्त्रीची पगडी! मी धावत जाऊन हारच घातला. "वेलकम टू इंडिया, सर! हाऊ वॉज द प्लेन?"

"कसलं प्लेन? अहो, मी ऐरोलीहून रिक्षानं आलोय," ते गृहस्थ म्हणाले. "विम्याचं काम करतो. तुमची पॉलिसी काढलीय का?"

हार परत मागावा की नाही ते मला कळेना. पॉलिसीची माहिती ऐकत अर्धा तास तसाच उभा राहिलो. तेवढ्यात आमचे सरदारजी हात पुसत आले.

"थोरले कुठं हायत?"

"अजून आले नाहीत."

"आँ? सकाळी सहालाच आलेत की! आत आत्ताच कळलं मला!"

सरदारजी इकडं-तिकडं बघत थेट जोडाघरात शिरले आणि त्या म्हातारबाबांच्या पाया पडले!

म्हणजे मी जुने बूट देऊ केले ते थोरल्यांना! सरदारजी मला म्हणाले, "अहो, जोडे पुसनं ही आमच्यात सगळ्यात मोठी सेवा. थोरले तर कॅनडातबी दर रविवारी करत्यात." मग त्यांनी थोरल्यांना आग्रह करकरून लंगरला नेलं. थोरले जाताना माझ्याकडं बघून हसले. ते हसणं नोकरी राहण्याचं की जाण्याचं, काही केल्या उमगेना!

आता एकच उपाय होता. मीही सेवा करणार! फडकं घेतलं आणि बसलो. एकेक जोड काढून पुसायला वेळ लागतो म्हणून मी सगळे खण एकदम रिकामे केले. सगळं पुसून झाल्यावर गोडाऊनची अकरा वर्षांची सवय हातात आली. मी मालाची वर्गवारी केली! काळे बूट वर, तपकिरी खाली, कोल्हापुरी डावीकडं, मोजड्या उजवीकडं, लहान मुलांचं वेगळं. काय सुंदर दिसत होतं, सांगू! थोरल्यांनी पाहिलं असतं तर जागेवर पगारवाढ!

आणि मग लंगर सुटला.

पहिला आला तो सहा फुटी ट्रेलर ड्रायव्हर. बिल्ला एक्केचाळीस. एक्केचाळीसच्या खणात टिकल्या लावलेली मोजडी निघाली. त्याच्यामागं एक आजी. त्यांना गमबूट मिळाले.

"अहो, ये मेरा नहीं!"

"माझी एकच कुठाय? दुसरी कुठाय?"

"इंदूरची गाडी भरून उभी आहे हो!"

तीनशे माणसं, तीनशे बिल्ले आणि एकाचा मेळ दुसऱ्याला नाही! कुणीतरी ओरडलं, "हे केलं कुणी?" विम्यावाल्यानं गळ्यात हार असूनही माझ्याकडं बोट दाखवलं! मी सतरंजीखाली जागा आहे का ते पाहत होतो.

दोन तास लागले. तोवर सगळे अनवाणी पायरीवर बसले. आतून चहा आला, जिलबी आली, गप्पा सुरू झाल्या. थोरलेही बसले. एका ट्रेलरवाल्याशी बोलता बोलता ते एकदम उठले आणि त्याला कडकडून मिठी मारली. नांदेडच्या शाळेत एका बाकावर बसायचे दोघं! दोघांच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी. मलाही हुंदका आला. त्यात भीतीचा भाग जास्त होता.

शेवटचा जोड मालकाला मिळाल्यावर थोरल्यांनी मला बोलावलं. मी हात जोडून उभा.

"सुजान, ह्या मानसाला काढू नको," ते म्हणाले. "कॅनडात मानूस जेवला की गाडीत बसून पळतो. ह्यानं आज तीनशे लोकांना दोन घंटे बसवलं. माझा सोबती मला दिला."

मी त्यांच्या पायाशी वाकलोच!

"फकस्त," थोरले म्हणाले, "ह्याला परत गोडाऊनमधी जाऊ देऊ नको."

नोकरी राहिली, मंडळी! गोडाऊन आता कॉम्प्युटर बघतो. मी ऑफिसच्या दारात बसतो, येणाऱ्याला नमस्कार करतो आणि आतून चहा मागवतो. राजेश्वरीला, म्हणजे आमच्या मंडळींना, मी प्रमोशन झालं म्हणून सांगितलंय. कधी घरी आलात, तर एवढं सांभाळून घ्या!