साडेचार पत्रे

तुम्हाला सांगतो, पॅकिंगमध्ये माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! काचेच्या कारखान्यात मी पॅकिंग खात्याचा सुपरवायझर होतो. मी बांधलेलं झुंबर ट्रकमधून खड्डे खात कुठेही गेलं, तरी त्याचा लोलक न् लोलक शाबूत पोचायचा. तेव्हा गॅरेजचं जुनं छप्पर उतरवून, नीट बांधून, सरकारी गाडीत चढवणं म्हणजे माझ्या हातचा मळ होता. असं मी बायकोला म्हणालो. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायका बोलण्याची तसदी घेत नाहीत.

हे छप्पर आमच्या वडिलांनी स्वतः घातलेलं. सिमेंटचे पत्रे. तेव्हा सगळेच घालायचे. पुढे कळलं, की त्या सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा शाबूत असेपर्यंत बिचारा गप्प पडून राहतो. तो फुटला, कापला, घासला, की त्यातले बारीक धागे हवेत उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण श्वासाबरोबर छातीत जाऊन बसतात आणि नको असलेल्या पाहुण्यासारखे तिथेच मुक्काम ठोकतात.

आमच्या पत्र्यांना भेगा पडल्या होत्या. आणि त्यांच्याखाली दिवसभर दादा बसायचा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जमीन मोजणीच्या ऑफिसातून निवृत्त झालेला. आमचं बोलणं बंद आहे. वडील गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा दादाने घर मोजलं, अंगण मोजलं आणि बरोबर मध्यातून भिंत घातली. वडिलांची शिडी एकच होती. ती त्याने करवतीने मधोमध कापली! अर्धी त्याला, अर्धी मला. तेव्हापासून आमच्यापैकी कोणाचाच हात छपरापर्यंत पोचत नाही, म्हणून तर इतकी वर्षं भेगा कोणी बुजवल्या नाहीत. गॅरेज आणि त्यापुढचा अंगणाचा तुकडा तेवढा सामाईक राहिला. गॅरेजमधली गाडी विकावी लागली, कारण ती कापता येईना.

बोलणं बंद म्हणजे निरोप चालू. दादा वहिनीला म्हणतो, "सांग त्याला." वहिनी भिंतीवरून माझ्या बायकोला सांगतात, बायको मला सांगते. मी तिथेच उभा असलो तरी हाच मार्ग.

एक दिवस वहिनी भिंतीपाशी आल्या. दादा दुकानात गेला होता.

"भाऊजी, सकाळी उठल्यापासून खोकतात हो. डॉक्टर म्हणाले, धुळीपासून लांब राहा. आणि हे बसतात त्या गॅरेजात, खुर्च्यांचे पाय तासत!"

"वहिनी, त्या छपरात विष आहे. भेगांतून खाली पडतंय. सांगा त्याला."

"मी? यांना? डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं, तर हे रात्रभर जागे होते. इतकी वर्षं विषाखाली बसलोय असं कळलं, तर छपराआधी हेच खाली येतील!"

ते मला पटलं. दादाचा राग येतो मला, अगदी आतून येतो. पण त्याचा खोकला भिंतीपलीकडून ऐकू आला की माझा घास तोंडाशी थांबतो. हेही खरंच आहे. आम्ही ठरवलं, विषाचं नाव काढायचं नाही. छप्पर गळतं म्हणून बदलतोय, बस्स!

निरोप गेला. उत्तर आलं, "सांग त्याला, बदल म्हणावं. पण माझ्या बाजूचा एक इंच कमी झाला तर याद राख."

मग मी कामाला लागलो. कचऱ्याच्या सरकारी ऑफिसात जाऊन सगळं विचारून आलो. छपरावर पाय द्यायचा नाही, पत्रा फोडायचा नाही, कापायचा नाही, कोरडा झाडू मारायचा नाही. आधी पाणी फवारायचं, मग पत्रे धरून ठेवणारे लोखंडी आकडे सोडवायचे आणि पत्रा अख्खा खाली घ्यायचा. अंगात एकदा वापरून टाकायचा पांढरा झगा, तोंडावर धुळीचा खास मास्क. ठरलेल्या दिवशी वहिनी दादाला रात्रीपर्यंत लेकीकडे घेऊन गेल्या. दोन अनुभवी कामगार घेऊन मी गॅरेजवर तुटून पडलो. चुकलो, तुटून नाही पडलो! झोपलेल्या बाळाला उचलावं तसे आम्ही ते पत्रे उचलले. एकूण नऊ. एकाचाही कोपरा उडाला नाही.

आणि मग मी बांधायला घेतलं. काय सांगू तुम्हाला! जाड प्लॅस्टिकची दुहेरी घडी, कोपरे पाकिटासारखे दुमडलेले, चिकटपट्टी पट्टीने आखल्यासारखी सरळ. कामगार म्हणाले, "साहेब, आम्ही नुसते गुंडाळतो." मी म्हणालो, "तुम्ही गुंडाळता. मी पॅक करतो."

ऑफिसातून लाल स्टिकर मिळाले होते. 'धोका! ॲस्बेस्टॉस!' त्यावर कवटीचं चित्र. बायकोने ते पाहिले मात्र, तिचा चेहरा पडला.

"हे लावून रात्रभर अंगणात ठेवणार? आणि दादांनी वाचलं म्हणजे?"

बरोबर होतं. लाल स्टिकर मी खिशात ठेवले. सकाळी गाडी आली की लावू. पण बिनस्टिकरचा माल सोडून आत जायला माझे पाय तयार होईनात. इतक्या वर्षांची सवय! कपाटात कारखान्यातलं जुनं स्टिकरचं भेंडोळं होतं. प्रत्येक पत्र्यावर एकेक लावून टाकला.

'नाजूक माल. जपून हाताळा.'

ते पाहून मला जे समाधान वाटलं, ते मला पुढे चांगलंच महागात पडलं.

सकाळी मी गाडीच्या तयारीत झगा चढवत होतो. झग्याची चेन अडकली होती. तेवढ्यात भिंतीवरून निरोपांचं टपाल सुरू झालं.

"अहो," बायको दारातून म्हणाली, "दादा विचारतायत, हे काय बांधून ठेवलंय?"

"जुने पत्रे म्हणावं."

बायको गेली आणि परत आली. "दादा म्हणतायत, जुने पत्रे कोणी असे बांधतं का? बाबांचे पत्रे तुम्ही गुपचूप कुठे नेताय, असं विचारतायत."

"गुपचूप? अगं, सांग त्याला, हात लावू नकोस म्हणावं! ते कोणाच्या कामाचे नाहीत, विषारी आहेत ते!"

आता पाहा हं काय झालं. माझ्या बायकोला आठवलं, की विषाचं नाव काढायचं नाही. तिने ते गिळलं. वहिनींना ती म्हणाली, "हे म्हणतायत, हात लावू नका." वहिनींनी तेवढंच दादापर्यंत पोचवलं.

मग दादाचा आवाज मला थेट ऐकू आला. भिंत काही इतकी जाड नाही.

"हात लावू नको? माझ्या बापाच्या पत्र्यांना मी हात लावू नको? एवढा जपतोय म्हणजे काहीतरी आहे त्यात! सांग त्याला, वाटणी होणार! आत्ता होणार!"

आणि थोड्या वेळाने आवाज आला. खर्र. खर्र. खर्र.

तो आवाज मी ओळखतो. आमची शिडी कापताना हाच आला होता.

मास्क तोंडावर ओढून, चेन तशीच अर्धी ठेवून मी धावलो. अंगणात चार पत्रे दादाच्या बाजूला लावलेले, चार माझ्या बाजूला. प्लॅस्टिक फाडलेला नववा पत्रा दोन स्टुलांवर आडवा, त्यावर पेन्सिलची रेघ आणि रेघेवर दादाची करवत! पांढरी धूळ त्याच्या हातांवर, मिशीवर आणि भुवयांवर बसली होती. खोकत होता आणि कापत होता. वहिनी कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

"थांब!" मी ओरडलो. पण तोंडावर मास्क! बाहेर आलं ते नुसतं 'हुं हुं हुं'.

"बघ, कसा हसतोय!" दादा वहिनीला म्हणाला आणि करवत जोरात चालवली.

मी झाडांवर फवारा मारायचा पंप उचलला. धूळ भिजवायची, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. रेघेवर पाणी मारलं, थोडं दादाच्या बनियनवर गेलं. बहुतेक बनियनवरच गेलं.

"अंगावर पाणी उडवतोय! थोरल्या भावाच्या अंगावर!" करवत आणखी जोरात.

शेवटी मी तोंडावरचा मास्क ओढून काढला. आजूबाजूला ती धूळ तरंगत होती आणि मी छाती भरून श्वास घेतला, कारण हाक मारायला श्वास लागतो.

"दादा!"

करवत थांबली. इतक्या वर्षांत मी त्याला दादा म्हटलं नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. वहिनींकडे नाही, भिंतीकडे नाही, माझ्याकडे!

"काय रे?" तो म्हणाला.

लहानपणी पडून गुडघा फोडून घेतला की तो याच आवाजात विचारायचा. माझे डोळे भरून आले. धुळीनेही आले असतील, मला सांगता येणार नाही.

"दादा, विष आहे त्यात. छातीत जातं. तुझा खोकला त्याच्यामुळेच असेल. तुझ्यासाठी म्हणून काढलं रे सगळं! टाकून द्यायचेत ते पत्रे."

 दादाने कापलेल्या रेघेकडे पाहिलं. मग बाकीच्या आठ पत्र्यांकडे पाहिलं. त्यांचे दुमडलेले कोपरे, सरळ चिकटपट्टी, स्टिकर. एक स्टिकर त्याने वाकून नीट वाचला.

"विष आहे?"

"हो."

"टाकून द्यायचंय?"

"हो रे!"

"मग एवढं जपून बांधलंस?"

 आता याला उत्तर तुम्हाला सुचलं असतं तर सांगा. माझ्या कारागिरीवर आयुष्यात कोणी शंका घेतली नव्हती, आणि आता तीच कारागिरी मला खोटं ठरवत होती.

दादाने मान वळवली. "सांग त्याला," तो वहिनीला म्हणाला, "मला वेडा समजू नको." आणि उरलेला पत्रा करवतीच्या चार हातांत कापून टाकला.

तेवढ्यात सरकारी गाडी आली. ड्रायव्हर खाली उतरला, अंगण पाहिलं आणि दोन पावलं मागे गेला.

"हे कोणी कापलं?"

"भावाने."

"का?"

"वाटणी."

"बरं," तो म्हणाला. त्याने बरंच काही पाहिलं असावं.

मी अंगण भिजवलं, ओल्या फडक्याने सगळं पुसलं, फडकी आणि झगे पिशवीत बंद केले, माझा अर्धा पत्रा पुन्हा बांधला. मग खिशातले लाल स्टिकर काढून सगळ्या पत्र्यांवर लावत सुटलो. दादाच्या ढिगाऱ्यापाशी पोचलो, तर तो हाताची घडी घालून पुढे उभा राहिला.

"सांग त्याला, काल नाजूक होते, आज धोका झाले का? वाटणी झाल्यावर बरं सुचलं!"

ड्रायव्हर म्हणाला, "मालक नको म्हणत असेल तर मी उचलू शकत नाही." माझे साडेचार पत्रे घेऊन गाडी गेली.

नंतर आम्ही दोघेही डॉक्टरांकडे जाऊन आलो. एकाच दिवशी, वेगवेगळ्या रिक्षांनी. डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले आणि म्हणाले, "याचं असं आहे, काही झालंच तर ते कळायलाही बरीच वर्षं लागतात. दरवर्षी येत जा. आता पुन्हा त्या धुळीत जाऊ नका म्हणजे झालं." हे त्यांनी दादालाही सांगितलं. दादाने घरी येऊन वहिनींना विचारलं, त्याने डॉक्टरला आधी काय पढवून ठेवलं होतं?

गॅरेजवर आता नवीन लोखंडी पत्रे आहेत. चकचकीत, एकही भेग नाही. त्याखाली कोणी बसत नाही. ते म्हणे माझं छप्पर आहे! दादाने त्याच्या पडवीवर त्याचे साडेचार पत्रे चढवले, स्वतः भोकं पाडून. वहिनींनी रडून-भांडून, दिसायला बरं म्हणून, त्यांना वरून-खालून दोन हात जाड रंग लावून घेतला. कापलेल्या कडेला तर तीन. रंगाखाली धागे दबून राहतात; माझ्या खबरदारीतलं तेवढंच काय ते शिल्लक राहिलं.

माडीच्या खिडकीतून ते छप्पर मला रोज दिसतं. पाचवा पत्रा अर्धाच असल्यामुळे तेवढं एक टोक उघडं आहे. तिथल्या खांबावर दादाने माझा एक स्टिकर काढून चिकटवलाय. खोचकपणानेच, मला दिसावा म्हणून. 'नाजूक माल. जपून हाताळा.' त्याच्या खालीच खुर्ची टाकून दादा बसतो आणि खोकतो.

परवा सकाळी मी खिडकीत उभा होतो आणि मलाही खोकला आला. साधाच असेल, हवा बदलली की येतो. पण जरा लांबला. खाली दादाचा खोकला थांबला. त्याने मान वर केली. मला वाटलं, आता विचारेल. काय रे, असं तरी म्हणेल.

"अगं ए," तो आत बघून ओरडला, "सांग त्याला, खोकला माझा एकट्याचा आहे. त्याची वाटणी झालेली नाही!"

मी खिडकी लावून घेतली आणि तोंडावर उशी धरून खोकलो.